लॅब सांगते चार मिलिमीटर, रस्ता दाखवतो चौदा: रटिंगचा अंदाज पुन्हा पुन्हा का चुकतो

डांबरी रस्त्यांवर चाकांखाली पडणाऱ्या चाकोरीचा, म्हणजे रटिंगचा, अंदाज करणाऱ्यांची तक्रार दर वेळी थोड्याफार फरकाने अशीच असते. मिक्स डिझाइन (डांबर-खडीचं प्रमाण ठरवणं) झालं, हॅम्बुर्ग व्हील ट्रॅकिंगमध्ये (पाण्यातल्या सॅम्पलवरून चाक फिरवणाऱ्या चाचणीत) वीस हजार फेऱ्यांनंतर चार मिलिमीटर आले, आकडे मॉडेलमध्ये भरले आणि पंधरा वर्षांचा अंदाज सहा-सात मिलिमीटर निघाला. तिसऱ्या उन्हाळ्यात पाहावं, तर चाकांच्या वाटेवर चौदा मिलिमीटर खोल चाकोरी. कधी याच्या बरोबर उलट होतं: लॅबमध्ये नापास झालेलं मिश्रण रस्त्यावर दहा वर्षं ढिम्म हलत नाही.

मग दोन तट पडतात. एक म्हणतो, लॅबच्या चाचण्यांना अर्थ नाही. दुसरा म्हणतो, मॉडेल जुनं झालं, नवं आणा. मी दोन्ही तटांत बसून झालोय. आता मॉडेलला हात सगळ्यात शेवटी लावतो, कारण बहुतेक वेळा घोळ त्याच्या आधीच झालेला असतो. लॅबने मोजलेली, मॉडेलने सांगितलेली आणि रस्त्यावर पडलेली, या तीन वेगळ्या गोष्टींना आपण ‘रटिंग’ हे एकच नाव दिलेलं असतं आणि मग त्या जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसतो.

एककं मात्र मी पहिल्याच दिवशी तपासतो. का, ते शेवटी सांगतो.

चाकोरी मोजली कशी?

हा प्रश्न विचारला की लोक वैतागतात, पण विचाराच. रस्त्यावर आडवी पट्टी टाकून तिच्याखालची सर्वांत मोठी फट मोजतात. पट्टी १.८ मीटरची की तीन मीटरची, की पूर्ण लेनवर ताणलेली दोरी? लांब पट्टी दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर टेकते आणि खोली जास्त दाखवते, आखूड पट्टी चाकोरीतच बसून कमी दाखवते. रुंद, पसरट खळगा असेल तर हा फरक फार मोठा होतो.

मॉडेल मात्र पट्टी टाकत नाही. ते प्रत्येक थरात चाकाखाली उभा बदल किती झाला याची बेरीज करतं, म्हणजे मूळ पृष्ठभागापासून खाली. कडेला फुगून वर आलेला मसाला त्यात धरलेलाच नसतो. रस्त्यावरच्या चौदापैकी चार मिलिमीटर उंचवट्याचे असतील, तर तुमची तुलना खरं तर दहाशी आहे.

लॅबमध्येही हीच गत. हॅम्बुर्गच्या यंत्रात चाकाच्या वाटेवर अकरा ठिकाणी खोली नोंदली जाते. कुणी मधल्या बिंदूंची सरासरी घेतं, कुणी सर्वांत खोल बिंदू. दोन जायरेटरी (दाबत-घुसळत घट्ट केलेली गोल) सॅम्पल कापून शेजारी शेजारी बसवलेले असतात; त्यांच्या सांध्यावर चाक थोडं जास्त रुततं. एका लॅबचा ‘चार’ आणि दुसऱ्या लॅबचा ‘साडेपाच’ हे एकाच सॅम्पलचे आकडे असू शकतात. रिपोर्टमध्ये पद्धत लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा. कच्ची फाइल मिळाली तर त्याहून उत्तम.

खचलंय कोण?

आता खरा मुद्दा. डांबरी मिश्रणाची चाचणी डांबरी थराबद्दलच सांगते. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या आशो रोड टेस्टमध्ये थरांची जाडी मोजून पाहिली, तेव्हा पृष्ठभागावर दिसलेल्या चाकोरीपैकी साधारण ३२ टक्के डांबरी थरातून, १४ टक्के त्याखालच्या बेसमधून, ४५ टक्के त्याखालच्या सब-बेसमधून आणि ९ टक्के सबग्रेडमधून, म्हणजे तळाच्या मातीतून, आली होती. तुमच्या रस्त्यावर हे प्रमाण वेगळं असणार. पण विचार करा, ज्या रस्त्यावर दोन-तृतीयांश चाकोरी डांबराखालच्या थरांत पडते, तिथे हॅम्बुर्गचा आकडा कितीही अचूक असला तरी करणार काय?

आडवा छेद पाहून अर्धं निदान होतं. चाकोरी अरुंद, काठ उभे, दोन्ही बाजूंना फुगवटे असतील तर वरच्या थरातलं मिश्रण बाजूला सरकलंय. चाकोरी रुंद, बशीसारखी, फुगवटे नाहीत किंवा दूरवर आहेत, तर खालचे थर दबलेत. फुगवटाही नाही आणि खोलीही माफक, तर नुसतं दबून घट्ट होणं.

या तिसऱ्या प्रकाराचा हिशेब दोन मिनिटांत करता येतो, आणि तो न करता लोक थेट मॉडेलवर का जातात हे मला अजून कळलेलं नाही. थर घालताना पोकळी (मिश्रणातली हवेची जागा) ९ टक्के राहिली, वाहतुकीने ती ५ टक्क्यांवर आली. घन भाग तेवढाच, म्हणजे जाडी ०.९१ भागिले ०.९५, अर्थात ०.९५८ पट झाली. शंभर मिलिमीटरच्या थरात सव्वाचार मिलिमीटर गेले, तेही एकही खडा बाजूला न सरकता. हा दोष मिश्रणाचा नाही, रोलिंगचा आहे. लॅबमध्ये ७ टक्के पोकळीचं सॅम्पल करून तुम्ही तो पकडूच शकत नाही.

शंका राहिली तर एक कोअर (थरांतून कापून काढलेला दंडगोल) चाकाच्या वाटेवरून आणि एक दोन वाटांच्या मधून काढा, प्रत्येक थराची जाडी आणि पोकळी मोजा. चाकाखाली पोकळी ३ टक्क्यांच्या खाली उतरली असेल तर मिश्रण प्लास्टिकसारखं वाहू लागलंय असं समजायला हरकत नाही. थरांची जाडी दोन्हीकडे सारखीच निघाली, तरी वर चाकोरी आहे, तर खाली बघा. पूर्ण लेनमध्ये आडवा चर खणता आला तर सोन्याहून पिवळं, पण ती परवानगी क्वचित मिळते.

साच्यातलं मिश्रण आणि रस्त्यावरचं मिश्रण

डिझाइनच्या वेळी लॅबमध्ये खडी चाळून, धुऊन, वाळवून, ग्रॅमच्या हिशेबात मिसळलेलं मिश्रण म्हणजे नवरदेव. प्लांटमधून डंपरमध्ये पडतं ते रोजचं माणूस. फिलर (दगडाची बारीक पूड) थोडं जास्त, डांबर ०.३-०.४ टक्क्याने वर, एखाद्या दिवशी खडी ओली. अंदाज करायचा तो रस्त्यावरच्याचा, आणि चाचणी केलेली नवरदेवाची.

पण याहून जास्त वेळा मला सापडलेला दोष वेगळाच आहे: ओव्हनमधला वेळ. सॅम्पल दाबण्यापूर्वी सुटं मिश्रण ओव्हनमध्ये ठेवून प्लांट ते रोलर या प्रवासातलं कडक होणं घडवून आणतात. १३५ अंशाला दोन तास ठेवलेलं आणि चार तास ठेवलेलं मिश्रण हॅम्बुर्गखाली वेगवेगळं वागतं, चार तासवालं साहजिकच कमी रुततं. बऱ्याच लॅबमध्ये नियम चार तासांचा असतो आणि प्रत्यक्षात ट्रे जेवणाच्या सुट्टीवर अवलंबून असतो. प्लांटवरून आणलेलं मिश्रण सॅम्पल करण्यासाठी पुन्हा तापवलं, तर तेही अधिकचं कडक होणंच. दोन वर्षांच्या आकड्यांत कारण न सापडणारी उडी दिसली, तर ओव्हनची वही मागा. वही नसेल तर तेच उत्तर.

उलटा सापळा जुन्या कोअरचा. रस्ता पाच वर्षांत खचला, म्हणून चाकाच्या वाटेवरून कोअर काढून हॅम्बुर्गला लावला आणि तो मस्त पास झाला. मग ‘लॅब खोटी’ असा निष्कर्ष. अहो, पाच वर्षांत डांबर कडक झालंय, मिश्रण दाबून घट्ट झालंय. जे खचायचं ते पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत खचून झालं, आता उरलेलं पास होणारच. शिवाय कोअर पातळ असेल तर तो साच्यात प्लास्टर भरून बसवतात, आणि प्लास्टर कच्चं राहिलं तर मोजली जाते ती प्लास्टरची चाकोरी.

पोकळी, व्हीएमए (खडीच्या कणांमधली एकूण जागा), मार्शल स्टॅबिलिटी (सॅम्पल मोडेपर्यंत पेललेला भार) या आकड्यांवरून थेट रटिंग सांगण्याचा मोह अजून गेलेला नाही. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वेसट्रॅक चाचणीत १९९७ मध्ये बदली म्हणून घातलेले जाड ग्रेडेशनचे (मोठ्या खडीचं प्रमाण जास्त असलेले) तुकडे अपेक्षेपेक्षा फार लवकर खचले, आणि नुसत्या आकारमानाच्या हिशेबावर मिश्रण पास करायचं की त्याला एखादी ताकदीची चाचणीही लावायची, हा वाद तिथून जोरात सुरू झाला. मार्शलमध्ये जास्त स्टॅबिलिटी म्हणजे कमी रटिंग असं सरसकट नातं नाही. तुमच्या मॉडेलमध्ये तो एकमेव ‘ताकदीचा’ कॉलम असेल तर पुढचं वाचण्याआधी दुसरी कुठलीतरी चाचणी सुरू करा. आयडियल-आरटीसारखी कापबल मोजणारी चाचणी काही मिनिटांत होते, आणि रोजच्या प्लांटच्या मिश्रणावर करता येते.

पन्नास अंश कुठून आले?

हॅम्बुर्ग बहुतेक ठिकाणी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चालवतात. का? कारण बाकीचे तसं करतात. आता हा हिशेब बघा. सुपरपेव्हचं (अमेरिकेतल्या मिक्स डिझाइन पद्धतीचं) सूत्र हवेच्या तापमानावरून रस्त्याच्या पृष्ठभागाखाली २० मिलिमीटरवरचं कमाल तापमान देतं. सर्वांत उष्ण सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ४० अंश आणि अक्षांश २० धरा. सूत्रात आधी ४० मधून ०.००६१८ गुणिले अक्षांशाचा वर्ग वजा करायचा, म्हणजे २.४७. मग ०.२२८९ गुणिले अक्षांश, म्हणजे ४.५८, आणि ४२.२ मिळवायचे. बेरीज ८४.३. तिला ०.९५४५ ने गुणून १७.७८ वजा केले की उत्तर ६२.७ अंश.

म्हणजे लॅबमधलं मिश्रण ५० वर चालतंय आणि रस्त्यावरचं दुपारी दोन वाजता ६२ वर. साध्या डांबराचा कडकपणा या बारा-तेरा अंशांत कित्येक पटींनी उतरतो. पॉलिमर घातलेल्याचा कमी उतरतो. त्यामुळे ५० अंशांवर शेजारी शेजारी दिसणारी दोन मिश्रणं ६२ वर एकमेकांपासून फार दूर जातात. तुमचा अंदाज साध्या डांबरावर सतत कमी आणि पॉलिमरवाल्यावर बरोबर किंवा जास्त येत असेल, तर दोष जवळपास नक्कीच इथे आहे. फ्लो नंबरच्या (सॅम्पलवर वरून पुन्हा पुन्हा भार देण्याच्या) चाचणीत निदान तापमान जागेनुसार ठरवायची पद्धत आहे. तिथेही कुणी ‘नेहमीचंच ठेवा’ म्हटलं की तोच प्रकार.

दुसरी चूक वार्षिक सरासरी तापमान वापरण्याची. चाकोरी सरासरीवर पडत नाही, ती मे महिन्याच्या दुपारी पडते. म्हणून चांगली मॉडेलं महिन्याचं तापमान पाच भागांत तोडून प्रत्येक भागाचं नुकसान वेगळं मोजतात. वर्षाला एकच आकडा देणाऱ्या शीटमधून कमी अंदाजच बाहेर पडणार.

आणि वेग. ८० किलोमीटरच्या वेगाने जाणारं चाक एखाद्या जागेवर जितका वेळ असतं, त्याच्या चौपट वेळ ते २० किलोमीटरच्या वेगात असतं. डांबराला वेळ म्हणजे मऊपणा. त्याच रस्त्याच्या सपाट भागात सहा मिलिमीटर आणि सिग्नलपाशी किंवा चढावर अठरा, हे चित्र दिसलं तर मिश्रणाला दोष देऊ नका; बाइंडरची, म्हणजे डांबराची, निवड सपाट भागाच्या वेगावर झालेली असते. एमएससीआर चाचणीवर (बाइंडरला पुन्हा पुन्हा ताण देऊन सोडण्याच्या) आधारलेली प्रतवारी नेमकी याचीच सोय करते. ३.२ किलोपास्कलला जेएनआर (ताण काढल्यावरही न परतणाऱ्या विकृतीचं माप) ४.५ पर्यंत असेल तर एस (साधी वाहतूक), २ पर्यंत एच (जड), १ पर्यंत व्ही (फार जड) आणि ०.५ पर्यंत ई (अतिजड). ताशी २० ते ७० किलोमीटरची वाहतूक असेल तर एच, त्याहून मंद किंवा उभी वाहतूक असेल तर व्ही, आणि उभी वाहतूक अतिजड भारासोबत आली तर ई. तुमच्या डेटात बाइंडरचा एकच गुण ठेवायला जागा असेल, तर पेनिट्रेशनऐवजी (डांबरात सुई किती रुतते त्याऐवजी) जेएनआर ठेवा. माझ्या अनुभवात त्या एका बदलाने जेवढं सुधारलं तेवढं तीन वेगवेगळ्या मॉडेलांनी सुधारलं नव्हतं.

वक्राचा कोणता तुकडा उचललात?

हॅम्बुर्गचं ७०५ न्यूटनचं पोलादी चाक मिनिटाला सुमारे ५२ फेऱ्या मारतं. वीस हजार फेऱ्या साडेसहा तासांत संपतात. आलेख तीन भागांत असतो. सुरुवातीला झटकन बसणं, मग संथ सरळ रेषा, आणि काही मिश्रणांत शेवटी अचानक घसरगुंडी. ती घसरगुंडी म्हणजे पाण्याने खडीवरून डांबर सुटणं, स्ट्रिपिंग. ते रटिंग नव्हे. दोन मिश्रणं घ्या, दोन्ही वीस हजारला १० मिलिमीटर. पहिलं सबंध वेळ एकाच संथ उताराने खाली गेलंय. दुसरं चौदा हजारपर्यंत फक्त साडेतीनवर होतं आणि मग कोसळलं. पहिलं मऊ आहे, दुसऱ्याला चुना किंवा अँटी-स्ट्रिपिंग एजंट हवाय. मॉडेलला तुम्ही दोघांसाठी ‘१०’ दिलात तर त्याने तरी काय शिकावं? शेवटचा आकडा देऊ नका. मधल्या सरळ भागाचा उतार द्या, आणि स्ट्रिपिंग जिथे सुरू होतं त्या फेऱ्यांचा आकडा वेगळ्या कॉलममध्ये.

युरोपियन पद्धतीत हे थोडं सोपं आहे: लहान यंत्रात ६० अंशांना, हवेत चाचणी, आणि पाच हजार ते दहा हजार चक्रांमधला फरक पाचने भागून दर हजार चक्रांना किती मिलिमीटर तो उतार. सुरुवातीचं बसणं आपोआप बाहेर पडतं.

फ्लो नंबरमध्ये वेगळी भानगड. ०.१ सेकंद भार, ०.९ सेकंद विश्रांती, दहा हजार चक्रांपर्यंत किंवा सॅम्पल ५ टक्के दबेपर्यंत. विकृतीचा वेग जिथे सर्वांत कमी होऊन पुन्हा वाढू लागतो तो फ्लो नंबर. कच्च्या आकड्यांतून हा बिंदू शोधलात तर सेन्सरच्या थरथरीमुळे तो १८० ते ५०० मध्ये कुठेही सापडेल. आधी फ्रँकेनचा वक्र बसवा, म्हणजे घातांकी पद अधिक एक्स्पोनेन्शियल पद, आणि बिंदू त्या वक्रावर शोधा. तीनपेक्षा कमी सॅम्पलवर विश्वास ठेवू नका. स्टोन मॅट्रिक्स मिश्रणाला (मोठ्या खडीच्या सांगाड्यावर उभ्या राहणाऱ्या) बाजूचा दाब न देता ही चाचणी लावली की ते उगाच नापास होतं, कारण त्याचा सांगाडा बाजूने आवळलेला असला तरच उभा राहतो. लॅबमध्ये नापास, रस्त्यावर दहा वर्षं ढिम्म, ही सुरुवातीची उलटी तक्रार आठवते? माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक तक्रारी स्टोन मॅट्रिक्सच्याच निघाल्या.

आता एक चूक जी हुशार माणसंच करतात. लॅबच्या आकड्यांवर घातांकी नियम बसवायचा, घातांक ०.२५ आला, आणि तो उचलून अमेरिकेतल्या मेकॅनिस्टिक-एम्पिरिकल मॉडेलच्या (थरांवरच्या ताणाचं गणित आणि रस्त्यांवरचा अनुभव जोडणाऱ्या) जुन्या आवृत्तीतल्या ०.४७९१ या राष्ट्रीय घातांकाच्या जागी टाकायचा. ‘आपल्या मिश्रणाचा खरा घातांक’ म्हणून. बाकीचे सहगुणक तसेच. एक कोटी भारांसाठी याचा परिणाम काढा: दहाचा सातवा घात, त्यावर ०.२२९१ चा फरक, म्हणजे जवळपास ४० पट. चौदा मिलिमीटरचा अंदाज एका झटक्यात ०.३५ वर येतो. उतार आणि सुरुवातीचा स्थिरांक ही जोडी एकत्र जन्मते. बदलायचं तर दोघांना बदला, नाहीतर कुणालाच नको.

त्या ०.४७९१ ची एक साधी सवय अंगी लावून घ्या: वाहतूक दुप्पट झाली तर डांबरी थरातली चाकोरी १.३९ पट होते, दसपट झाली तर तिप्पट. शीट याच्या आसपास वागत नसेल तर सूत्र कुठेतरी मोडलंय.

आर-स्क्वेअर ०.९८ आणि तरी तोंडावर पडलो

हल्ली लॅबचा डेटा सरळ मशीन लर्निंगला देतात. ग्रेडेशन, डांबराचं प्रमाण, पोकळी, तापमान, फेऱ्यांची संख्या. उत्तर रटची खोली. रँडम फॉरेस्ट किंवा न्यूरल नेटवर्क आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो त्याचं माप, कमाल १) ०.९८ दाखवतं, सगळे खूश. नवं मिश्रण येतं आणि अंदाज दुप्पट चुकतो.

कारण डेटाच्या रांगांत दडलंय. एका सॅम्पलच्या एका चाचणीतून दर शंभर फेऱ्यांना एक, अशा दोनशे रांगा तयार होतात. तुम्ही रांगा पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला ठेवल्या. आता ६,४०० फेऱ्यांची रांग परीक्षेत आहे आणि त्याच सॅम्पलच्या ६,३०० आणि ६,५०० च्या रांगा शिकवणीत. विद्यार्थ्याला प्रश्नाच्या दोन्ही बाजूंची उत्तरं पाठ आहेत. मधलं तो सांगणारच. वीस मिश्रणं असतील तर तुमच्याकडे चार हजार नव्हे, वीसच गोष्टी आहेत.

उपाय: परीक्षेसाठी रांगा नाही, पूर्ण मिश्रणं बाजूला काढा. प्रत्येक मिश्रणाला एक क्रमांक द्या आणि तो क्रमांक एकतर शिकवणीत किंवा परीक्षेत, दोन्हीकडे कधीच नको. मी माझ्या जुन्या कामावर हे केलं तेव्हा आर-स्क्वेअर इतका खाली आला की पहिल्यांदा मला कोडमध्येच चूक वाटली. चूक नव्हती, तीच खरी किंमत होती. आणखी एक: रँडम फॉरेस्टसारखी, निर्णयांच्या झाडांवर आधारलेली मॉडेलं शिकवणीत पाहिलेल्या कमाल खोलीच्या पलीकडे आकडा देऊच शकत नाहीत. डेटात सर्वांत वाईट मिश्रण ९ मिलिमीटरचं असेल तर अंदाज ९ वर अडकेल, रस्ता कितीही खचो. फेऱ्यांच्या पुढच्या अंदाजासाठी वक्राचं सूत्र ठेवा आणि यंत्राला फक्त त्या सूत्राचे दोन स्थिरांक शिकवा. हे दिसायला साधं आहे, पण फसवत नाही.

गुणक, आणि माझा सेंटिमीटर

हे सगळं तपासूनही फरक राहिला तर स्थानिक कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल आपल्या रस्त्यांच्या मोजमापांशी जुळवून घेणं. मॉडेलमध्ये तीन बीटा गुणक असतात आणि कोणाला हात लावायचा ते चुकीच्या आकारावरून ठरतं. सगळे अंदाज एकाच पटीने कमी असतील तर पहिला. उष्ण भागांत कमी आणि थंड भागांत जास्त असतील तर तापमानाच्या घातांकाचा दुसरा. सुरुवातीला जुळून वर्षांगणिक फरक वाढत गेला तर भारसंख्येच्या घातांकाचा तिसरा. तिन्ही एकदम सॉल्व्हरला सोपवले की तो काहीतरी शोधून देतोच, आणि ते ‘काहीतरी’ पुढच्या रस्त्यावर चालत नाही.

आता तो शेवटी सांगायचा प्रसंग. एका कामात आमचे अंदाज सगळीकडे एकाच पटीने कमी येत होते. नियमाप्रमाणे पहिला गुणक वाढवला. तो अडीचच्या वर जाऊन थांबला. आकडे छान जुळले. बैठकीत ‘आपल्याकडची वाहतूक जड आहे’ असं स्पष्टीकरणही दिलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

काही महिन्यांनी एक नवी मुलगी शीट वाचत होती. तिने विचारलं, “सर, खोलीचा हा सुधारणांक इंचात लागतो ना? आपण जाडी १० का लिहिली आहे?”

त्या मॉडेलमध्ये खोलीनुसार एक सुधारणांक असतो. थराच्या एकूण जाडीवरून दोन स्थिरांक काढायचे, एक अधिक दुसरा गुणिले खोली, आणि त्या सगळ्याला ०.३२८१९६ चा खोली एवढा घात गुणायचा. सगळं इंचात. आमचा थर १०० मिलिमीटरचा, म्हणजे ३.९४ इंच. कुणीतरी सेंटिमीटरमध्ये १० लिहिलं होतं आणि खोलीही सेंटिमीटरमध्ये. पृष्ठभागाखाली एक इंचावर खरा सुधारणांक ३.८४ येतो, आमच्या शीटमध्ये १.६० येत होता. दोन इंचांवर खरा ३.५१, आमचा ०.२०. अर्धा इंचावर मात्र आमचाच जास्त होता, २.९५ विरुद्ध ०.७३, त्यामुळे बेरीज अगदीच हास्यास्पद दिसत नव्हती. मिलिमीटरमध्ये १०० लिहिलं असतं तर उत्तर शून्याजवळ गेलं असतं आणि पहिल्याच दिवशी पकडलं असतं. सेंटिमीटरची चूक अंगाला लागत नाही, म्हणून ती टिकते. तापमानाचंही तसंच आहे: सूत्र फॅरनहाइट मागतं, आणि १२२ च्या जागी ५० लिहिलं की १.५६०६ च्या घातांकामुळे उत्तर चौपट कमी येतं.

जाडी ३.९४ केली, खोल्या इंचात आणल्या, शीट पुन्हा चालवली. गुणक १.१ वर आला. ‘जड वाहतुकी’च्या स्पष्टीकरणाची ती स्लाइड मी अजून काढून टाकलेली नाही. आणि पहिला गुणक १.५ च्या वर किंवा ०.५ च्या खाली गेला की मी कॅलिब्रेशन थांबवून शीटच्या पहिल्या कॉलमवर परत जातो.